जाग आणि जाणीव
मराठी भाषेंत माणसाच्या शुद्धीविषयीं शब्दांची वाण नाहीं. कोणी शुद्धीवर असतो, कोणाची शुद्ध हरपते, कोणास भान राहत नाहीं, कोणी ग्लानींत पडतो, आणि पहांटे कोंबडा आरवला म्हणजे कोणास जाग येते. रोजच्या व्यवहारांत हे शब्द आपण एकमेकांच्या जागीं खुशाल वापरतों आणि त्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु रुग्णालयांतील खाटेपाशीं उभी असलेली आई जेव्हां डॉक्टरांस 'हा मला ओळखतो का हो?' असें विचारते, तेव्हां या शब्दांतील भेदांना एकाएकीं प्राणांचें मोल येतें. मुलाचे डोळे उघडे आहेत. तो रात्रीं झोंपतो, सकाळीं जागा होतो, आपला आपण श्वास घेतो. त्याला जाग आहे हें तर उघडच आहे. पण जाणीव आहे काय? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास वैद्यकशास्त्राला फार वर्षें लागलीं. आणि तें उत्तर काढणें ही एक शिकण्याची व शिकविण्याची विद्या आहे हें उमगण्यास तर त्याहूनहि अधिक वर्षें गेलीं. त्या विद्येचा इतिहास थोडक्यांत सांगावा असें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं या प्रश्नाची एक बाजू चांगली ओळखली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील विधिशोणितीय नांवाच्या चोविसाव्या अध्यायांत मद, मूर्च्छा आणि संन्यास अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. पहिल्या दोन दोषांचा वेग ओसरला म्हणजे आपोआप शमतात. संन्यास मात्र औषधावांचून जात नाहीं. त्यांत मनुष्य लांकडासारखा, जणूं मेलेलाच, पडून राहतो. त्याला जागें करण्याचे जे उपाय तेथें दिले आहेत ते वाचतांना अंगावर कांटा येतो: डोळ्यांत तीक्ष्ण अंजन, नाकांत उग्र औषध, धूर, सुईचें टोंचणें, डाग, नखांच्या आंत पीडा, केस उपटणें, दांतांनीं चावणें, खाजकुइली अंगास घासणें. यांतील नखाची पीडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिच्याशीं पुन्हां गांठ पडणार आहे.

तथापि या उपायांचा हेतु रोग्यास जागें करण्याचा होता. तो कितपत जागा आहे हें मोजण्याचा नव्हता. मोजण्याची गरज तरी कोणास होती? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गाढ बेशुद्धींत गेलेला मनुष्य बहुधा थोड्या दिवसांत शुद्धीवर येई, नाहीं तर अन्नावांचून, फुप्फुसांच्या दाहानें किंवा पाठीला पडलेल्या क्षतांनीं मरण पावे. मधल्या स्थितींत दीर्घकाळ राहणारा रोगी विरळा. तरीहि डोळस वैद्यांच्या नजरेंतून असे रोगी सुटले नाहींत. १९४० सालीं क्रेचमर या जर्मन वैद्यानें अशा स्थितीचें वर्णन करून मेंदूच्या बाह्य आवरणाचें कार्य लोपल्याचें सुचविणारें नांव तिला दिलें. १९४१ सालीं ऑक्सफर्डचे शस्त्रवैद्य ह्यू केर्न्स यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एका चौदा वर्षांच्या मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. ती जागी असे, तिचे डोळे माणसांच्या मागें फिरत, पण ती बोलत नसे व हालत नसे. मेंदूच्या मध्यभागीं वाढलेल्या पुटींतील द्रव काढतांच ती बोलूं लागली. द्रव पुन्हां सांचतांच पुन्हां मूक झाली. पुढें १९४९ सालीं मोरुझ्झी आणि मॅगून या दोघां शास्त्रज्ञांनीं मांजरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, मेंदूच्या देंठांतील एका जाळीदार भागास विजेनें चेतविलें असतां मेंदूच्या लहरी झोंपेच्या सोडून जागृतीच्या होतात. जाग देंठाच्या आश्रयानें राहते आणि जाणिवेला त्याशिवाय वरच्या विस्तीर्ण भागाचेंहि साहाय्य लागतें, ही समजूत येथून दृढ होत गेली. अर्थात् देंठ शाबूत राहून वरचा भाग उद्ध्वस्त झाला तर जाग असेल व जाणीव नसेल, अशी चमत्कारिक अवस्था संभवते हें ओघानेंच आलें.

ही अवस्था आजवर विरळा होती, ती १९५२ नंतर वारंवार दिसूं लागली. त्या वर्षीं डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें पोलिओची भयंकर सांथ आली. श्वासाचे स्नायु लुळे पडलेले रोगी इतके येऊं लागले कीं यंत्रें पुरेनात. तेव्हां ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सूचनेवरून रोग्याच्या श्वासनलिकेंत नळी घालून हातानें पिशवी दाबून श्वास देण्याची युक्ति काढण्यांत आली, आणि वैद्यकीचे शेंकडो विद्यार्थी पाळीपाळीनें रात्रंदिवस खाटांशीं बसून ती पिशवी दाबीत राहिले. अतिदक्षता विभागाची परंपरा या प्रसंगापासून धरतात. पुढें विद्यार्थ्यांची जागा यंत्रांनीं घेतली. आणि अपघातांत डोकें फुटलेलीं, हृदय बंद पडून पुन्हां सुरू झालेलीं, अशीं पूर्वीं हटकून दगावलीं असतीं तीं माणसें जगूं लागलीं. त्यांतील कांहींचे डोळे उघडले. पण त्या डोळ्यांमागें कोणी आहे कीं नाहीं हें सांगतां येईना. ज्या विद्येनें त्यांस जगविलें तिच्याच पुढें आतां हा प्रश्न येऊन उभा राहिला.

पहिली अडचण शब्दांची होती. एक डॉक्टर ज्यास स्तब्ध म्हणे त्यास दुसरा अर्धवट कोमांत म्हणे. तिसरा 'गुंगी खोल आहे' एवढेंच लिहून ठेवी. सकाळच्या पाळीच्या मनुष्यानें लिहिलेला शब्द रात्रीच्या पाळीच्या मनुष्यानें वाचला, तर रोगी खालावला कीं केवळ लिहिणारा हात बदलला, हें ओळखण्यास साधन नव्हतें. १९६६ सालीं फ्रेड प्लम आणि जेरोम पोस्नर या अमेरिकन मज्जातंतुतज्ज्ञांनीं स्तब्धता व कोमा यांच्या निदानावर एक ग्रंथ लिहून या रानांत वाट पाडली. शुद्ध म्हणजे स्वतःची व सभोंवतालची जाणीव, अशी व्याख्या करून ती बिघडण्याचीं कारणें कशीं शोधावीं हें त्यांनीं पायरीपायरीनें दाखविलें. सर्वांग लुळें पडून केवळ डोळ्यांची हालचाल उरलेला, परंतु आंतून पूर्ण सावध असलेला जो रोगी, त्याच्या स्थितीस 'लॉक्ड-इन' म्हणजे आंत कोंडलेली हें नांवहि त्याच ग्रंथानें दिलें. साहित्याच्या वाचकांस असा रोगी त्यापूर्वीं सव्वाशें वर्षें ठाऊक होता. १८४४ पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ड्यूमाच्या 'काउंट ऑफ मॉण्टे क्रिस्टो' या कादंबरींतील वृद्ध नुआर्तिये असाच आहे. डोळे मिटले म्हणजे होय, पुष्कळदां मिचकावले म्हणजे नाहीं, एवढ्या भाषेवर तो आपलें सारें मनोगत सांगतो. आणि ती भाषा घरांतील दोन-तीन माणसांनाच कळते, त्यांत त्याची नात प्रमुख. ती घरांत नसती तर त्या वृद्धाची गणना जिवंतांत झाली असती काय, याचा विचार वाचकांनींच करावा.

यानंतर एप्रिल १९७२ मध्यें ग्लासगोचे शस्त्रवैद्य ब्रायन जेनेट आणि न्यूयॉर्कचे प्लम यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत एक लेख लिहून जाग असून जाणीव नसलेल्या अवस्थेस 'पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट' हें नांव दिलें. यांतील 'व्हेजिटेटिव्ह' शब्दानें त्यांस पचन, श्वसन, निद्रा इत्यादि केवळ देहधारणेचे व्यापार सुचवावयाचे होते. पण लोकांच्या तोंडीं त्याचा भाजीपाला झाला. 'पर्सिस्टंट' म्हणजे आजवर टिकून असलेली; पण पुढें तिचा अर्थ कायमची असा होऊं लागला, कारण 'परमनंट' या शब्दाचें आद्याक्षरहि तेंच. एका आद्याक्षराच्या सारखेपणानें वर्णनाचा निकाल झाला! निकाल लागल्यावर पुन्हां साक्षी कोण तपासतो? बेल्जममधील स्टीव्हन लॉरेस आदि तज्ज्ञांनीं २०१० मध्यें 'प्रतिसादरहित जागृति' अशा अर्थाचें निराळें नांव सुचविलें, त्याचें कारण हेंच कीं, त्यांत जें दिसतें तेवढेंच सांगितलें जातें. जें दिसत नाहीं त्याविषयीं निवाडा दिला जात नाहीं.

नांव मिळालें, पण परीक्षा कशी करावी? तें काम ग्लासगोमध्येंच झालें. जुलै १९७४ मध्यें ग्रॅहॅम टीसडेल व जेनेट यांनीं 'लॅन्सेट'मध्येंच एक साधें कोष्टक प्रसिद्ध केलें. तेंच पुढें ग्लासगो कोमा स्केल या नांवानें जगभर गेलें. त्यांत पाहावयाच्या गोष्टी तीनच: डोळे केव्हां उघडतात, बोलणें कसें आहे, आणि हातपाय कशास प्रतिसाद देतात. आज डोळ्यांस ४, बोलण्यास ५ आणि हालचालीस ६ असे जास्तीत जास्त गुण आहेत. म्हणजे बेरीज ३ पासून १५ पर्यंत. हांकेनें प्रतिसाद न आल्यास नखाच्या मुळाशीं पेन्सिलीनें दाब द्यावा असें त्यांनीं सांगितलें. चरकाच्या नखपीडेची येथें आठवण होते. भेद इतकाच कीं, तेथें पीडा हें औषध होतें, येथें ती मोजपट्टी आहे. म्हणूनच ती ठराविक जागीं, ठराविक रीतीनें व आवश्यक तेवढीच द्यावयाची.

या कोष्टकाचें खरें महत्त्व त्याच्या गुणांत नसून त्यामागील शिक्षणविचारांत आहे असें आम्हांस वाटतें. 'रोगी किती बेशुद्ध आहे?' असा प्रश्न तें विचारीतच नाहीं. 'हांक मारल्यावर डोळे उघडले काय?' असा प्रश्न तें विचारतें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर अनुभवी तज्ज्ञानें द्यावयाचें. दुसऱ्याचें उत्तर नुकती कामावर आलेली परिचारिकाहि देऊं शकते, आणि रात्रीच्या तीन वाजतां खाटेपाशीं तीच असते. निरनिराळ्या परीक्षकांच्या नोंदी एकमेकींशीं कितपत जुळतात हें ग्लासगोकरांनीं मुद्दाम तपासून पाहिलें व १९७८ मध्यें तें प्रसिद्ध केलें. मापन करणाऱ्याचेंच मापन करावें ही या शास्त्रांतील मोठी पायरी होय. परंतु साधेपणाचा एक तोटा असा कीं, सोपी गोष्ट शिकावी लागत नाहीं असें माणसास वाटूं लागतें. घशांत नळी असलेल्या रोग्यास बोलतां येत नाहीं, डोळे सुजलेल्यास ते उघडतां येत नाहींत, परकी भाषा बोलणाऱ्यास हुकूम कळत नाहीं. अशा वेळीं शून्य विचारानें गुण मांडून बेरीज केली म्हणजे आंकडा निघतो, पण तो खोटा असतो. म्हणून चाळीस वर्षांनीं, २०१४ मध्यें, टीसडेल व त्यांच्या सहकाऱ्यांस परीक्षेचा क्रमच पुन्हां शिकवावा लागला: प्रथम अडथळे कोणते तें तपासा, मग नुसतें पाहा, मग चेतवा, आणि त्यानंतरच गुण द्या.

शिवाय ग्लासगोचें कोष्टक मुख्यतः पहिल्या दिवसांसाठीं होतें. ज्यांच्या खाटेपाशीं दिवसांचे महिने आणि महिन्यांचीं वर्षें झालीं त्यांचें काय? याचें उत्तर लंडनच्या पटनी भागांतील एका रुग्णालयाकडून आलें. हें रुग्णालय १८५४ सालीं असाध्य रोग्यांसाठीं म्हणूनच स्थापन झालें होतें. तेथील कीथ अँड्र्यूज यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९६ सालीं आपल्याकडे व्हेजिटेटिव्ह म्हणून धाडलेल्या ४० रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकीं १० त्याच अवस्थेंत राहिले, १३ हळूहळू त्यांतून बाहेर आले, आणि उरलेले १७ मुळांत त्या अवस्थेंत नव्हतेच! या सतरांपैकीं ७ जणांस एक वर्षाहून अधिक काळ, आणि त्यांतल्या ३ जणांस तर चार वर्षांहून अधिक काळ, जाणीवशून्य समजण्यांत आलें होतें. पुष्कळांस अगदीं कमी दिसत होतें, किंवा मुळींच दिसत नव्हतें. त्यांच्यापुढें बोट फिरवून 'डोळे मागें फिरत नाहींत' असा निष्कर्ष काढणें म्हणजे आंधळ्यास वाचावयास देऊन निरक्षर ठरविण्यासारखें होय. सर्वांचीं शरीरें इतकीं जखडलेलीं होतीं कीं, 'हात उचला' हा हुकूम कळूनहि पाळतां येणें शक्य नव्हतें. पटनीस त्यांना नीट बसविण्यांत आलें, कोणता एखादा लहानसा स्नायु इच्छेप्रमाणें हालतो तें शोधण्यांत आलें, आणि तेथें स्पर्शानें वाजणारी घंटी जोडण्यांत आली. मग कोणी घंटीनें, कोणी नजरेनें, होय आणि नाहीं म्हणूं लागले.

चार वर्षें! या काळांत त्या माणसांसमोर काय काय बोललें गेलें असेल? दुखतें आहे हें त्यांना सांगतां आलें नसेल. भेटीस येणारे हळूहळू येईनासे झाले असतील. येथें औषध चुकलें नव्हतें, यंत्र बिघडलें नव्हतें. चुकली होती ती पाहण्याची रीत. पटनीचा वृत्तांत वाचल्यावर आमच्या मनास लागलेली गोष्ट अशी कीं, ज्यांनीं पूर्वीं निदान केलें ते कांहीं बेपर्वा लोक नव्हते. त्यांनीं प्रामाणिकपणें पाहिलें; पण कसें पाहावें हें त्यांस कोणीं शिकविलें नव्हतें, आणि एकदां नांव लागल्यावर पुन्हां पाहण्याचें कारण त्यांस दिसलें नव्हतें.

म्हणून पुढील काळांत ज्या परीक्षापद्धति निघाल्या त्यांत परीक्षकाचें शिक्षण हा एक अविभाज्य भाग ठरला. पटनीच्याच हेलन गिल-थ्वेट्स या व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंनीं 'स्मार्ट' नांवाची पद्धति घडविली. तींत तीन आठवड्यांत दहा बैठकी घ्यावयाच्या असतात, कांहीं सकाळीं व कांहीं दुपारीं. दृष्टि, श्रवण, स्पर्श, गंध, रुचि यांची वेगवेगळी परीक्षा होते. आणि ती करण्यास विशेष अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. अमेरिकेंत न्यूजर्सी येथें जोसेफ जियाचिनो यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९१ मध्यें दुसरें एक मापन प्रसिद्ध केलें व २००४ मध्यें तें सुधारलें. त्यांत श्रवण, दृष्टि, हालचाल, मुख व वाचा, संवाद आणि जागृति असे सहा विभाग असून २३ पायऱ्या आहेत. दरम्यान २००२ मध्यें याच मंडळींनीं जाणिवेचे तुरळक पण निश्चित पुरावे देणाऱ्या रोग्यांसाठीं 'मिनिमली कॉन्शस' म्हणजे अल्पजाणीव ही स्वतंत्र अवस्था मान्य केली.

या पद्धतींत शिकणाऱ्यास प्रथम धीर शिकावा लागतो. रोगी पेंगत असेल तर परीक्षा सुरूच करावयाची नाहीं. खांदे, दंड, पाय यांचे स्नायु दाबून आधीं त्यास जागें करावयाचें. हुकूम एकदां देऊन भागत नाहीं; चार वेळां द्यावयाचा आणि दर वेळीं उत्तरास पुरेसा अवकाश ठेवावयाचा, कारण दुखावलेल्या मेंदूचें उत्तर उशिरा येतें. हुकूम देण्यापूर्वीं रोगी आपोआप काय काय हालवितो तें पाहून ठेवावयाचें, म्हणजे सहज झालेली हालचाल हुकुमाच्या खातीं जमा होत नाहीं. नजर फिरते काय हें पाहण्यास बोट किंवा दिवा न घेतां हातांतला आरसा घ्यावयाचा. कारण पाहणींत असें दिसून आलें कीं, इतर वस्तूंच्या मागें न फिरणारी नजर कित्येकदां स्वतःच्या चेहऱ्यामागें फिरते. बेल्जममधील लीएज येथें २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत रुग्णालयाच्या मंडळींनीं एकमतानें व्हेजिटेटिव्ह ठरविलेल्या ४४ रोग्यांपैकीं १८ जणांत या पद्धतीनें जाणिवेचीं चिन्हें आढळलीं. पटनीच्या वृत्तांतास तेरा वर्षें झालीं होतीं. चुकीचें प्रमाण जवळजवळ तेंच होतें. १९९६ सालची चूक अज्ञानाची म्हणतां येईल. २००९ ची मात्र शिक्षण सर्वत्र न पोंचल्याची म्हटली पाहिजे. २०१७ मध्यें त्याच गांवच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, शिकलेल्या परीक्षकानेंहि एकदां पाहून भागत नाहीं; दोन आठवड्यांच्या आंत निदान पांच वेळां पाहावें, तेव्हां निदानाचा भरंवसा धरतां येतो. जाणीव ही वाऱ्यावरच्या दिव्यासारखी मोठी-बारीक होत असते. आपण नेमके ती बारीक असतांना खोलींत डोकावलों तर अंधार दिसावयाचाच.

कोणी म्हणेल कीं, मग घरच्या माणसांचेंच ऐकावें. आई म्हणते 'हंसला', तर तो हंसला. हेंहि सर्वस्वीं खरें नाहीं. तळहातास स्पर्श होतांच बोटें मिटणें, मोठ्या आवाजानें दचकणें, रडणें किंवा हंसण्यासारखी मुद्रा होणें, या गोष्टी जाणिवेवांचूनहि घडतात. आणि आशेनें पाहणाऱ्यास त्यांत ओळख दिसणें अगदीं स्वाभाविक आहे. शिकलेल्या परीक्षकाचें कौशल्य असें कीं, तो आईस खोटें पाडीत नाहीं व तिच्या शब्दावर विसंबूनहि राहत नाहीं. हंसणें केव्हां येतें, कोणाच्या आवाजानें येतें, परक्याच्या आवाजानें येतें काय, हें तो तिला विचारतो आणि मग तिच्या समक्ष पुन्हां पुन्हां पडताळून पाहतो. हांक मारतांना कागदावरच्या नांवापेक्षां घरचें नांव घ्यावें, आणि हुकूम मातृभाषेंत द्यावा. ज्या मुलाला जन्मभर 'बाळ्या' म्हणून हांक मारली गेली त्यास इंग्रजी वळणानें आडनांव घेऊन 'डोळे मिटा' म्हटलें, तर उत्तर न येण्याचा दोष कोणाकडे? मुंबईसारख्या शहरांत, जेथें एकाच दालनांत पांच भाषांचे रोगी असतात, तेथें हा विचार किती आवश्यक आहे हें सांगावयास नको.

अलीकडे यंत्रांनीं या कथेस नवें वळण दिलें आहे. २००६ सालीं केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं व्हेजिटेटिव्ह ठरलेल्या एका तेवीस वर्षांच्या तरुणीस चुंबकीय यंत्रांत ठेवून, 'टेनिस खेळत आहां अशी कल्पना करा' असें सांगितलें. निरोगी मनुष्याच्या मेंदूचा जो भाग अशा वेळीं चेततो तोच तिच्या मेंदूंत चेतला. २०१० मध्यें ५४ रोग्यांच्या पाहणींत ५ जणांनीं आपला मेंदू सांगितल्याप्रमाणें चालविल्याचें दिसलें, व एकानें तर या मार्गानें होय-नाहींत प्रश्नांचीं उत्तरें दिलीं. २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत, ज्यांच्याकडून हुकुमास कोणताहि प्रत्यक्ष प्रतिसाद मिळत नव्हता अशा २४१ जणांपैकीं ६० जणांचे मेंदू आंतल्या आंत हुकूम पाळीत असल्याचें आढळलें. शिकलेल्या डोळ्यासहि मर्यादा आहे हें यावरून सिद्ध होतें. पण यंत्र सर्वत्र नसतें, आणि जेथें असतें तेथेंहि त्याचें उत्तर न येण्याचा अर्थ जाणीव नाहीं असा होत नाहीं. खाटेपाशीं रोज असतो तो मनुष्यच. अमेरिकेंतील मज्जातंतुतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१८ मध्यें जीं मार्गदर्शक सूत्रें काढलीं त्यांतहि प्रमाणित पद्धतीनें वारंवार परीक्षा करण्यावर भर आहे, 'कायमची' या शब्दाच्या जागीं 'जुनाट' असा शब्द घातला आहे, आणि रोग्यास वेदना होत असण्याचा संभव धरून चालावें असें सुचविलें आहे.

हा सारा इतिहास परदेशांतला, आपला त्याच्याशीं काय संबंध, असें कोणास वाटेल तर त्यानें मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाची आठवण करावी. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं, म्हणजे जेनेट व प्लम यांच्या लेखानंतर दीड वर्षाहून अधिक काळानें आणि ग्लासगोच्या कोष्टकापूर्वीं आठ महिने, तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर अमानुष हल्ला झाला. गळा आवळला गेल्यामुळें मेंदूस रक्त पोंचलें नाहीं, आणि त्या पुन्हां बोलूं शकल्या नाहींत. पुढें बेचाळीस वर्षें त्याच रुग्णालयाच्या परिचारिकांनीं त्यांचें जेवणखाण, अंघोळ, कूस पालटणें पिढ्यानपिढ्या केलें. त्यांचें अन्न बंद करावें अशी याचना सर्वोच्च न्यायालयापुढें आली, तेव्हां न्यायालयानें तीन डॉक्टरांची समिति नेमून परीक्षा करविली. व्हेजिटेटिव्ह अवस्थेच्या बहुतेक कसोट्या लागू पडतात असा समितीचा अभिप्राय पडला. बहुतेक, सर्व नव्हे. अमुक खाणें त्यांना आवडतें, नावड त्या आवाजानें व हातानें कळवितात, असें शुश्रूषा करणारीं माणसें सांगत होतीं, आणि ही साक्षहि न्यायालयापुढें आली. ७ मार्च १९११ नव्हे, ७ मार्च २०११ चा हा निकाल. शतकाचें अंतर वाटावें इतका हा प्रश्न आपल्याकडे नवा होता. याचना फेंटाळण्यांत आली. पण निष्क्रिय दयामरणास कांहीं अटींवर वाट मिळाली, आणि ९ मार्च २०१८ रोजीं घटनापीठानें ती वाट अधिक स्पष्ट केली. अरुणाबाई मात्र तत्पूर्वींच, १८ मे २०१५ रोजीं, न्यूमोनियानें निवर्तल्या.

त्या निकालाच्या बऱ्यावाईटाची चर्चा पुष्कळ झाली आहे; ती आम्ही येथें करीत नाहीं. आम्हांस एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, कायद्यानें डॉक्टरांच्या मंडळांवर जो भार टाकला आहे त्याच्या मुळाशीं 'हा मला ओळखतो का?' हाच त्या आईचा प्रश्न आहे. उपचार चालू ठेवावे कीं थांबवावे हा विचार पुढचा. आंत कोण आहे हें पाहणें आधींचें. आणि तें पाहण्यास शिकलेला डोळा, पांच वेळां येण्याइतका वेळ, रोग्याची भाषा व घरच्यांची साक्ष हीं चार साधनें लागतात. चौघांपैकीं एकहि फार खर्चाचें नाहीं. एक हातांतला आरसा, एक घड्याळ आणि एक कोष्टक एवढ्या सामग्रीवर तालुक्याच्या गांवींहि तें काम होऊं शकेल. फक्त तें कोणीं तरी शिकविलें पाहिजे, आणि परिचारिकांस आधीं शिकविलें पाहिजे.

ही विद्या शिकणाऱ्यानें आपल्या वहींतील एक वाक्य बदलावें, एवढीच आमची विनंती आहे. 'रोगी प्रतिसाद देत नाहीं' असें न लिहितां 'आज मला प्रतिसाद दिसला नाहीं' असें त्यानें लिहावें. पहिल्या वाक्यानें खोलीचें दार लागतें. दुसऱ्यानें तें उघडें राहतें, आणि उद्यां सकाळीं कोणी तरी आरसा घेऊन पुन्हां आंत येतें.